बाबांचं तारऑफिस आणि ॲलिस स्प्रिंग्ज : सहा दिवसांच्या ट्रिपचा रिव्ह्यू

ऑस्ट्रेलियात आई-बाबांना काय दाखवायचं हा प्रश्न इथल्या प्रत्येक मराठी घरात दर वर्षी पडतोच, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. आम्ही जुलैमध्ये मेलबर्नहून ॲलिस स्प्रिंग्जला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी नॉर्दर्न टेरिटरीतल्या गावाला, गेलो होतो, मी, आई आणि बाबा, सहा दिवस, आणि तिथल्या एका छोट्या टूरवाल्याकडून गाडी-ड्रायव्हरसकट ट्रिप करून घेतली. टूरवाल्याचं नाव टाकत नाहीये कारण खाली दोन-तीन तक्रारीही आहेत आणि माणसं मनाने चांगली होती. ट्रिपला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, टूरवाल्याच्या ऑफिसला तीन, ड्रायव्हरला पूर्ण पाच.

आधी हे सगळं सुचलं कसं ते सांगते. २०१८ ला आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा आपण सगळे करतो तेच केलं. सिडनीचं ऑपेरा हाऊस, ग्रेट ओशन रोड, ट्वेल्व्ह अपोस्टल्स, फिलिप आयलंडचे पेंग्विन, गोल्ड कोस्ट. फोटो छान आले. पण बाबा चौथ्या दिवसापासून गाडीतच बसून राहायला लागले, म्हणायचे तुम्ही जाऊन या, मी आहे इथे. तब्येत ठणठणीत होती त्यांची. त्यांना काही बघायचंच नव्हतं, कारण जे दाखवत होतो त्याचा त्यांच्याशी काही संबंधच नव्हता. हे मला कळायला सहा वर्षं लागली.

आमचे बाबा तारमास्तर. १९७३ ला पोस्ट अँड टेलिग्राफमध्ये टेलिग्राफिस्ट म्हणून लागले, आधी सांगलीकडच्या छोट्या ऑफिसांत, मग काही वर्षं मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या सीटीओत, म्हणजे सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात, शेवटी पुण्याला. मोर्सवर, म्हणजे कट्ट-कड अशा खुणांनी हाताने तार पाठवण्यावर, सुरुवात केलेली शेवटची पिढी म्हणायची ती, नंतर टेलिप्रिंटर आले, मग कॉम्प्युटर. २०१३ च्या १४ जुलैला आपल्याकडची तार बंद झाली तेव्हा ते रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती तरी सकाळीच आवरून ऑफिसला गेले आणि रांगेत उभे राहून आईच्या नावाने घरच्याच पत्त्यावर तार केली. ती तार अजून आहे आमच्याकडे, देवघराच्या खालच्या कप्प्यात.

तर या वेळी मी ‘आई-बाबांसाठी ऑस्ट्रेलियात काय बघण्यासारखं’ असं शोधलंच नाही, ‘ऑस्ट्रेलियात टेलिग्राफ’ असं शोधलं, आणि अक्षरशः एक वेगळाच देश समोर आला.

हा देश केवढा आहे ते इथे राहूनही आपल्याला नीट कळत नाही. भारताच्या सव्वादोन पटीहून जास्त जमीन आणि माणसं तीन कोटींच्याही आत. नुसतं नॉर्दर्न टेरिटरी घेतलं तरी महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठं आणि तिथे राहतात अडीच लाख लोक. आता एवढ्या रिकाम्या मुलखातून, मधे रस्ते नाहीत, पाण्याचा पत्ता नाही, १८७२ साली यांनी दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत ३,२०० किलोमीटर तार टाकली. छत्तीस हजार खांब! एकच लोखंडी तार, आणि मधे ठराविक अंतरावर निरोप पुढे पाठवणारी रिपीटर स्टेशनं. ॲलिस स्प्रिंग्ज हे गावच त्या तारेमुळे झालंय. त्या कामाचा प्रमुख चार्ल्स टॉड, त्याच्या बायकोचं नाव ॲलिस, म्हणून पाण्याच्या जागेला ॲलिस स्प्रिंग्ज आणि नदीला टॉड. मी हे बाबांना फोनवर वाचून दाखवलं तर पलीकडून काहीच आवाज नाही, मला वाटलं फोन कट झाला, मग म्हणाले, “रिपीटर स्टेशनं किती होती विचार.” व्हिसाची फाइल त्यांनी त्याच आठवड्यात स्वतः तयार केली.

आता ट्रिप. ॲलिसला टूरवाले खूप आहेत पण नव्वद टक्के उलुरूला, त्या प्रसिद्ध लाल खडकाच्या डोंगराला, नेणारे. मी चार-पाच जणांना ईमेल केला की आम्हाला उलुरू नकोय, जुनी तारेची लाइन जिथून गेली त्या रस्त्याने उत्तरेला टेनंट क्रीकपर्यंत जाऊन यायचंय, वडील ७४ वर्षांचे आहेत, हळू हळू न्या. दोघांनी उत्तरच दिलं नाही, एकाने उलुरूचंच ब्रोशर पाठवलं. या एका छोट्या कंपनीने, दोनच गाड्या असलेल्या, उलट प्रश्न विचारले. बाबा नक्की काय काम करायचे, किती चालू शकतात, दर किती वेळाने थांबायचं, जेवण काय. हे मला फार आवडलं आणि तिथेच बुकिंग केलं. तुम्हीही असंच बघा, जो टूरवाला आधी दहा प्रश्न विचारतो तो घ्या.

पहिल्या दिवशी नुसतं पोचणं. मेलबर्नहून विमानाने तीन तासांच्या आत. खिडकीतून खाली बघितलं तर दोन तास नुसती लाल माती. उतरल्यावर बाबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि खूश झाले, कारण टेरिटरीची वेळ आपल्यापेक्षा बरोबर चार तास पुढे आहे. मेलबर्नला साडेचार तास धरावे लागतात, उन्हाळ्यात साडेपाच, त्यांना ते अर्ध्या तासाचं गणित कधीच आवडलं नाही. ते घड्याळ सहा दिवस भारतीय वेळेवरच होतं.

दुसरा दिवस पूर्ण टेलिग्राफ स्टेशनला ठेवला होता आणि तो सगळ्यात भारी दिवस. गावापासून उत्तरेला चारेक किलोमीटरवर टॉड नदीच्या काठी ही जागा आहे. नदी म्हणजे बारा महिन्यांतले बहुतेक दिवस कोरडी वाळू, काठाने मोठमोठे पांढऱ्या खोडाचे गम वृक्ष. ज्याला ‘स्प्रिंग’ म्हणतात तो खरं तर झरा नाहीच, नदीच्या पात्रातला डोह आहे, खाली खडक असल्यामुळे पाणी टिकतं. १८७१ मध्ये तारेचा मार्ग शोधणाऱ्या सर्व्हेअरला तो दिसला आणि त्याला झरा वाटला. इथल्या मूळच्या आरेर्न्टे लोकांना ती जागा हजारो वर्षं माहीत होतीच, त्यांच्या भाषेत ॲलिसच्या परिसराचं नाव म्पार्न्ट्वे.

दगडी बैठ्या इमारती आहेत. बराक, तारऑफिस, स्टेशनमास्तरचं घर, स्वयंपाकघर, लोहाराचा भाता. एकूण बारा स्टेशनं होती त्यातलं हे सगळ्यात चांगलं टिकलेलं. तिकीट आहे, माहिती देणारी माणसं आहेत, आणि मुख्य म्हणजे घाई नाही, आम्ही साडेचार तास होतो आणि कोणी “चला” म्हणालं नाही.

इथे मला एक गोष्ट पहिल्यांदाच कळली ती बाबांकडून. मला वाटायचं तार केली की ती सरळ इथून तिथे जाते. तसं नव्हतं. तारेतून सिग्नल अडीच-तीनशे किलोमीटर गेला की इतका क्षीण व्हायचा की पुढे वाचताच यायचा नाही, म्हणून मधल्या स्टेशनवर एक माणूस बसायचा, तो कानाने ऐकून लिहून घ्यायचा आणि तोच मजकूर पुढच्या लाइनवर परत हाताने पाठवायचा, मग पुढचा माणूस तेच, मग त्याच्या पुढचा. म्हणजे ॲडलेडहून डार्विनला निघालेला एक निरोप वाळवंटातल्या इतक्या सगळ्या माणसांच्या कानातून आणि बोटांतून जायचा! बाबा तारऑफिसच्या खोलीत ती की (तार पाठवताना दाबायची पट्टी) आणि साऊंडर (आलेली तार कट्ट-कड वाजवणारं यंत्र) बघत उभे राहिले आणि माहिती देणाऱ्या बाईंना विचारलं, चूक झाली तर कुठे झाली हे कसं शोधायचे? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की हा प्रश्न मला आजपर्यंत कोणी विचारला नाही. मग बाबांनीच सांगायला सुरुवात केली, त्यांच्या त्या ऑफिसच्या इंग्लिशमध्ये. शब्द मोजायचे, आकडे शेवटी परत पाठवून ताडून घ्यायचे, रात्रपाळीत तीननंतर चुका वाढतात, साऊंडरचा आवाज मोठा यावा म्हणून आम्ही त्याच्या मागे सिगरेटचा रिकामा डबा अडकवायचो, दोन बाजूला दोन साऊंडर वाजत असले तरी डब्याच्या आवाजावरून आपला कुठला ते बरोबर कळतं, आणि समोरच्या गावाला कोण बसलाय ते नाव न सांगता त्याच्या हातावरून ओळखू येतं. त्या वेळी खोलीत एक जर्मन जोडपं होतं आणि क्वीन्सलँडचं एक कुटुंब, दोन शाळकरी मुलं घेऊन, सगळे थांबून ऐकायला लागले. मुलांनी त्यांची नावं मोर्समध्ये कशी वाजतील विचारलं. बाबांनी दाराच्या चौकटीवर पेनाच्या टोपणाने वाजवून दाखवली, कट्ट कड कट्ट, अजिबात न अडखळता, चाळीस वर्षं झाली असतील हाताला सवय सुटून. त्या बाई शेवटी म्हणाल्या की उद्या परत या, तिकीट नको.

आम्ही दुसऱ्या दिवशी उत्तरेला निघणार होतो म्हणून परत येताना पाचव्या दिवशी खरंच गेलो.

आणखी एक, आणि हे मराठी माणसाला माहीत असावं असं मला फार वाटतं. डार्विनहून पुढे समुद्राखालून केबल जावा बेटावर बान्युवांगीला जायची, तिथून सिंगापूर, मग मद्रास, मद्रासहून जमिनीवरच्या तारेने मुंबई, मुंबईहून परत समुद्राखालून एडन, सुएझ आणि मग लंडन. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा लंडनला जाणारा निरोप आपल्या मुंबईतून जायचा. जहाजाने महिने लागायचे तिथे काही तासांवर काम आलं. बाबांनी हे कॅफेतल्या टिश्यू पेपरवर काढून आईला दाखवलं, मुंबईच्या जागी मोठा ठिपका. म्हणाले, “बघ, या माणसाने इथे की दाबली की तिकडे मुंबईत आपल्या कुणाला तरी उठावं लागायचं.” तो टिश्यू आईने पर्समध्ये ठेवला.

२२ ऑगस्ट १८७२ ला फ्रू पाँड्स नावाच्या जागी दोन्हीकडच्या तारा जोडल्या गेल्या, पण त्या वेळी समुद्रातली केबल तुटलेली होती, जूनपासूनच, ती ऑक्टोबरमध्ये दुरुस्त झाली. त्याआधी लाइन अर्धवट असताना मधला तुकडा घोडेस्वार निरोप घेऊन पार करायचे. लाकडी खांब वाळवीने खाल्ले म्हणून पुढे लोखंडी लावले. हे सगळं ऐकताना बाबा मान हलवत होते, कारण लाइन तुटणे, खांब पडणे, लाइनमनला हुडकून पाठवणे हे त्यांचं रोजचं आयुष्य होतं.

एक जड गोष्टही आहे तिथे आणि ती टाळून पुढे जाऊ नका. १९३२ ला तार इथून गावात हलवली आणि मग याच इमारतींमध्ये ‘द बंगलो’ नावाने आदिवासी मुलांची संस्था चालली, १९४२ पर्यंत. त्यातली अनेक मुलं आईबापांपासून तोडून आणलेली, सरकारी धोरण म्हणून. त्याची माहिती आणि फोटो लावलेत. आई त्या भागात बराच वेळ थांबली. ती बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती, एकेका फोटोतल्या मुलाचं वय अंदाजाने सांगत होती.

तिसऱ्या दिवशी स्टुअर्ट हायवेने उत्तरेकडे. टेनंट क्रीक पाचशे किलोमीटर, रस्ता एकदम सरळ आणि चांगला, स्पीड लिमिट १३०. रोड ट्रेन म्हणजे तीन-चार डबे लावलेले ट्रक, पन्नास मीटरच्या वर लांब, ते शेजारून गेले की गाडी हलते. तीसेक किलोमीटरवर मकरवृत्ताची खूण येते, तिथे फोटो. एलेरॉनला टेकडीवर भाला घेतलेल्या आदिवासी माणसाचा १७ मीटर उंच पुतळा. आमचा ड्रायव्हर स्थानिक, पन्नाशीचा, मितभाषी, पण जिथे जुन्या लाइनची खूण आहे तिथे न सांगता गाडी बाजूला घ्यायचा आणि बाबांना फक्त बोटाने दाखवायचा. दोघांचं चांगलं जमलं.

बॅरो क्रीक ॲलिसपासून २८० किलोमीटरवर. हायवेलगतच दगडी तारस्टेशन उभं आहे, बाहेरून बघायचं. १८७४ च्या फेब्रुवारीत इथे कायटेट्ये लोकांनी हल्ला केला, त्यात स्टेशनमास्तर स्टेपलटन आणि एक लाइनमन गेले. स्टेपलटन लगेच नाही गेला. त्याची बायको तिकडे ॲडलेडला, तिला तारऑफिसात बोलावून आणलं आणि त्याचा शेवटचा निरोप या तारेवरून तिला दिला. त्यानंतर पोलिसांची तुकडी निघाली आणि तिने कितीतरी कायटेट्ये माणसं मारली, त्यांचा हिशोब कुणी नीट ठेवला नाही. ड्रायव्हरने दोन्ही बाजू सारख्याच आवाजात सांगितल्या, याबद्दल त्याला वेगळे मार्क.

बाबांनी त्या वेळी एवढंच विचारलं की ॲडलेडला ती तार घेतली कोणी? त्या माणसाचं नाव कुठे आहे का? मग गाडीत बसल्यावर आम्हाला सांगायला लागले, माझ्या आयुष्यात मी किती मयताच्या तारा घेतल्या असतील, सांगलीला असताना तर ओळखीच्या घरांच्या. कान ऐकत असतो, हात लिहीत असतो, मधे थांबायचं नाही, थांबलं तर पुढचा शब्द जातो. आणि इथे तर बायको समोर उभी असणार. हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

आता तक्रारी. ऑफिसने जो प्लॅन दिला होता त्यात कार्लू कार्लूला, म्हणजे डेव्हिल्स मार्बल्सला, सूर्यास्त आणि मग अंधारात शंभर किलोमीटर टेनंट क्रीक, असं लिहिलं होतं. ड्रायव्हरने सकाळीच सांगितलं की अंधार पडल्यावर मी या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांना घेऊन चालवणार नाही, कांगारू आणि गुरं थेट रस्त्यावर येतात. मग सूर्यास्त सोडला आणि परतीच्या दिवशी सकाळी थांबलो. सूर्यास्ताचे पैसे काही वेगळे नव्हते पण ज्याने प्लॅन बनवला त्याने तो रस्ता स्वतः चालवला होता की नाही अशी शंका आली. दुसरं, तीनदा लिहूनही पहिल्या दिवशीच्या लंच बॉक्समध्ये हॅम सँडविच. शाकाहारी हा शब्द पुरत नाही, ‘मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही’ असं एकेक लिहून द्या. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट घेतलं होतं म्हणून निभावलं, ड्रायव्हरने दशमी दोनदा मागून खाल्ली. तिसरं, टेनंट क्रीकचं मोटेल. हीटर बंद, आणि जुलैमध्ये तिकडे दिवसा स्वेटर काढावं लागतं पण रात्री थंडी चांगलीच पडते, ॲलिसला तर पारा शून्याच्या खाली जातो. दोन जास्तीच्या रजया मागून घेतल्या. वयस्कर माणसं असतील तर खोली ताब्यात घेतानाच हीटर चालवून बघा.

कार्लू कार्लू मात्र सकाळी बघितलं ते उत्तमच झालं. ग्रॅनाइटचे गोल गोल प्रचंड धोंडे, एकावर एक, काही मधोमध चिरलेले, कोवळ्या उन्हात लालभडक. आपल्याकडे हंपीला बघितले असतील तसे, पण सभोवार नुसतं सपाट. जागा पवित्र आहे, २००८ मध्ये मूळ मालकांना कायद्याने परत दिली, धोंड्यांवर चढू नका. टेनंट क्रीकचं जुनं तारस्टेशन गावाच्या उत्तरेला बाराएक किलोमीटरवर, तिथे आमच्याशिवाय कुणीही नव्हतं, वारा आणि दगडी भिंती. आतून बघायचं असेल तर गावातल्या व्हिजिटर सेंटरला आधी विचारून घ्या, आम्ही उशीर केला आणि बाहेरूनच बघितलं. बाबांनी भिंतीला हात लावून झाल्यावर पावलांनी इमारत मोजली.

पाचवा दिवस आईचा. तिने स्वतः निवडलं होतं, स्कूल ऑफ द एअर. लांबलांबच्या गुरांच्या स्टेशनांवरची, म्हणजे गुरं पाळायच्या प्रचंड फार्मांवरची मुलं, सगळ्यात जवळची शाळा शेकडो किलोमीटरवर, त्यांना १९५१ पासून रेडिओवरून शिकवायला सुरुवात केली, आता इंटरनेटवरून. तेरा लाख चौरस किलोमीटरच्या मुलखाची एक शाळा! आईने तिथल्या माणसांना विचारलं की मुलांची अक्षरं कशी बघता, वही कशी तपासता. तिला ते फार महत्त्वाचं वाटत होतं आणि तिला नीट उत्तर मिळालं, छापील पाठ पोस्टाने जातात, तपासून परत येतात. आईला एकशिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र घ्यायची सवय, त्यामुळे तिची चर्चा लांबली आणि या वेळी बाबा बाहेर बाकावर वाट बघत बसले, अगदी आनंदाने. तिथून फ्लाइंग डॉक्टरांचं सेंटर, १९२८ पासून विमानाने डॉक्टर पाठवणारी सेवा, तेही बघा, तासाभरात होतं.

उलुरू का नाही केलं असं आल्यापासून मला सगळे विचारतायत. ॲलिसपासून उलुरू साडेचारशे किलोमीटर आहे, शेजारी नाही. एका दिवसात जाऊन येणाऱ्या बस आहेत पण पहाटे निघून मध्यरात्री परत, सत्तरीच्या माणसांना कृपा करून असं नेऊ नका. ती जागा स्वतंत्र तीन दिवसांची आहे, तिथे थेट विमान जातं, पायथ्याची प्रदक्षिणाच दहा किलोमीटरच्या आसपास होते, वर चढणं २०१९ पासून बंद आहे आणि ते योग्यच झालं. मी दोन्ही एकत्र कोंबलं असतं तर दोन्ही हातचं गेलं असतं.

खर्च सांगायचा तर स्वस्त नाही. तिघांचं विमान, राहणं, गाडी-ड्रायव्हर मिळून सिडनी-गोल्ड कोस्टच्या रेडिमेड पॅकेजपेक्षा बराच जास्त झाला. टेरिटरीच्या बऱ्याच पार्कांना बाहेरून येणाऱ्यांसाठी पास लागतो तो ऑनलाइन आधी काढा. मे ते सप्टेंबरमध्येच जा, उन्हाळ्यात चाळीसच्या वर ऊन आणि माश्या. ॲलिसमध्ये रात्री पायी फिरू नका, टॅक्सी घ्या, हे तिथलेच लोक सांगतात. पाणी गाडीत माणशी चार-पाच लिटर तरी असू दे.

आणि हे फक्त तारमास्तरांसाठी नाही. मी शोधत गेले तेव्हा जे जे सापडलं त्यातलं थोडं सांगते, म्हणजे तुमच्या घरच्या माणसाप्रमाणे बघता येईल. वडील द्राक्षबागायतदार असतील, तासगाव नाहीतर नाशिककडचे, तर मेलबर्नहून मिल्डुराला न्या. मरे नदीचं पाणी उचलून १८८७ पासून कोरड्या जमिनीत द्राक्षं उभी केलीत, बेदाणाही होतो, बागेत माणूस दिवसभर रमेल. ट्रक-एसटी चालवलेले असतील तर ॲलिसमध्येच जुन्या ट्रकचं मोठं म्युझियम आहे आणि शेजारी जुन्या घान रेल्वेचं. घान हे नाव ज्या उंटवाल्यांवरून पडलं ते ‘अफगाण’ म्हणवले जायचे पण त्यातले कितीतरी आजच्या पाकिस्तान-भारताच्या भागातून आलेले होते, तो सगळा धागा पकडून वेगळी ट्रिप होईल. आकाशाची आवड असेल तर पार्क्सची ६४ मीटरची रेडिओ दुर्बीण, १९६१ ची, आणि तिथून पुढे कूनाबाराब्रानजवळची सायडिंग स्प्रिंग वेधशाळा, रात्र गावाबाहेर काढायची. क्रिकेटवेड्यांना नुसतं एमसीजी दाखवून थांबू नका, बाउरलला ब्रॅडमन म्युझियम आहे, सिडनीहून दीडेक तास. माझी एक मैत्रीण सासूबाईंना, त्या आयुष्यभर नर्स होत्या, फ्लाइंग डॉक्टरांसाठी ब्रोकन हिलला घेऊन जातेय, तिलाही मी हेच सांगितलं की दोन दिवस एकाच गावात ठेव.

आमचं फ्रू पाँड्स राहिलं, जिथे तारा जोडल्या ती जागा. टेनंट क्रीकपासून अजून तीनशेहून जास्त किलोमीटरवर आहे आणि त्या दिवशी ते शक्यच नव्हतं. बाबा पुण्याला परत गेलेत. दर महिन्याला त्यांचे सीटीओचे जुने लोक जमतात, तिथे त्यांनी तासभर फोटो दाखवले आणि आता त्यातल्या दोघांना यायचंय, एकाचा मुलगा ब्रिस्बेनला असतो. मग पुढच्या वर्षी जूनमध्ये डार्विनकडून खाली यायचं ठरतंय, कॅथरीनला मुक्काम करून, ड्रायव्हर तोच, त्याला मी ईमेल केलाय आणि त्याने उत्तरात आधी दशम्यांचं विचारलंय.